वेश्याव्यवसाय आणि कायदा: सांगलीत मला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सांगलीत फौजदारी वकिली करते. वस्तीतल्या बायकांच्या जामिनाची आणि ताब्याची कामं अधूनमधून माझ्याकडे येतात, हे एकदा गावात कळलं की सुटका नसते. कॉलेजात कायदा साक्षरतेचं व्याख्यान असो, बार रूममधला चहा असो, नाहीतर हळदीकुंकू. कुणीतरी कोपऱ्यात घेऊन आवाज खाली करून विचारतंच. प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून एकदाच लिहून ठेवते आहे.

आपल्याकडे हा धंदा कायदेशीर आहे की बेकायदेशीर?

एका शब्दात उत्तर हवं असेल तर मिळणार नाही. १९५६ च्या कायद्याला आता अनैतिक व्यापार (प्रतिबंध) अधिनियम म्हणतात. पोलिस ठाण्यात आणि वस्तीत त्याला सरळ 'पिटा' म्हणतात. सज्ञान बाईनं स्वतःच्या मर्जीनं, एकटीनं, बंद दारामागं पैसे घेऊन संबंध ठेवले तर या कायद्यात तो गुन्हा नाही.

पण त्याच्या आजूबाजूचं जवळजवळ सगळं गुन्हा आहे. दोघींनी भाडं वाटून घ्यायला एक खोली केली, की 'दोन किंवा अधिक वेश्यांच्या परस्पर फायद्यासाठी' वापरलेली जागा म्हणून तो कुंटणखाना. तिच्या कमाईवर म्हातारी आई किंवा अठरा पूर्ण झालेला मुलगा जगत असेल तर कलम ४. दारात उभं राहून गिऱ्हाईक बोलावलं तर कलम ८. देऊळ, शाळा, वसतिगृह, दवाखाना यांच्यापासून दोनशे मीटरच्या आत असेल तर कलम ७. मिरजेत दवाखान्यापासून दोनशे मीटर लांब असलेली जागा कुणी शोधून दाखवली तर मी त्याचा सत्कार करीन.

थोडक्यात, भाकरी खायला बंदी नाही. पीठ, तवा आणि चूल बाळगायला आहे.

कलम ८ मध्ये एक गंमत आहे, कडू गंमत. रस्त्यावर गिऱ्हाईक बोलावल्याबद्दल बाईला पहिल्या खेपेला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. तेच पुरुषानं केलं तर कमाल तीन महिने.

मग धाड टाकतात ती कशाच्या आधारावर? आणि पकडलेल्या बाईचं पुढं काय होतं?

धाड कुंटणखाना चालवणाऱ्यावर असते. कागदावर बाई आरोपी नसते, 'पीडित' असते. प्रत्यक्षात घरवाली, म्हणजे कुंटणखान्याची मालकीण, मागच्या दारानं निसटते, दलालाचा मोबाईल बंद लागतो आणि गाडीत बसवल्या जातात त्या पीडित बायकाच.

कायद्यानं धाडीसाठी बरंच काही सांगून ठेवलंय. अधिकारी खास नेमलेला हवा, सोबत किमान दोन महिला पोलिस हव्यात, पंचांत किमान एक बाई हवी, बाईची विचारपूस महिला अधिकाऱ्यानं करायला हवी. पंचनामा हातात आला की मी आधी पंचांची नावं वाचते. सुरुवातीच्या काळात एका पंचनाम्यात जप्त मुद्देमालाची यादी होती: रोख रक्कम अमुक, मोबाईल दोन, 'निरोधची पाकिटे १४', आणि त्याखाली 'एक जुनी सतरंजी'. चौदा पाकिटं पुरावा म्हणून सीलबंद. ती पाकिटं सरकारी योजनेतूनच फुकट वाटलेली होती. एका खात्यानं हातात द्यायची आणि दुसऱ्यानं त्यावरूनच पकडायचं! त्या रात्री वस्तीत कुणी पाकिटं जवळ ठेवली असतील असं मला वाटत नाही.

पुढं बाईला मॅजिस्ट्रेटसमोर हजर करतात. चौकशी होईपर्यंत तिला तीन आठवड्यांपर्यंत ताब्यात ठेवता येतं. चौकशीअंती तिला 'काळजी आणि संरक्षणाची गरज' आहे असं ठरलं, तर एक ते तीन वर्षं संरक्षणगृहात. या चौकशीत मॅजिस्ट्रेटनं पाच प्रतिष्ठित व्यक्तींची मदत घ्यावी, त्यांतल्या तीन स्त्रिया असाव्यात, अशीही तरतूद आहे. हे कलम मी कोर्टात वाचून दाखवते तेव्हा समोरचे बहुतेकदा पहिल्यांदाच ऐकत असतात.

सप्टेंबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती पृथ्वीराज चव्हाण यांनी अशाच तीन तरुणींची सुटका केली. त्या सज्ञान आहेत, त्यांना हवं तिथं राहण्याचा आणि आपला व्यवसाय निवडण्याचा हक्क आहे, आणि हा कायदा वेश्याव्यवसायालाच गुन्हा ठरवत नाही, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं. तो निकाल मी फाईलच्या आतल्या कप्प्यात कायम ठेवते.

२०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानं धंदा कायदेशीर केला ना?

नाही. पण तुमची चूक नाही, मथळे तसेच होते. त्या आठवड्यात वस्तीतली एक बाई चौघडी घातलेला पेपर घेऊन माझ्या ऑफिसात आली. तिला वाचता येत नव्हतं, मुलीनं वाचून दाखवला होता. "म्हंजे आता पोलिस येणार न्हाईत?" मी चहा मागवला, कारण उत्तर लांबचं होतं.

१९ मे २०२२ चा तो आदेश बुद्धदेव कर्मास्कर प्रकरणातला. मुळात ते एका खुनाच्या खटल्यातलं अपील. कोर्टानं २०११ मध्ये त्यातून या बायकांच्या पुनर्वसनाचा प्रश्न हातात घेतला आणि एक समिती नेमली. समितीच्या शिफारशींपैकी दहा कोर्टानं आदेशात उतरवल्या. केंद्र सरकारनं त्यांतल्या चारांवर हरकत घेतली, म्हणून उरलेल्या सहांची अंमलबजावणी करा असं कोर्टानं सांगितलं.

त्या सहांत काय आहे? लैंगिक अत्याचार झाल्यास इतर कुठल्याही पीडितेसारखी वैद्यकीय मदत. पोलिसांनी सन्मानानं वागावं. संरक्षणगृहांची पाहणी करून मनाविरुद्ध डांबलेल्या सज्ञान बायकांना सोडण्याची कार्यवाही. धाडीच्या बातमीत ओळख उघड होईल असे फोटो-नावं छापू नयेत. निरोध पुरावा धरू नये. कायदेविषयक शिबिरं घ्यावीत.

हरकत घेतलेल्या चारांत काय आहे? सज्ञान बाई मर्जीनं काम करत असेल तर पोलिसांनी मध्ये पडू नये, ही त्यांत. धाडीत बाईला अटक किंवा त्रास नको, ही त्यांत. धोरण ठरवताना या बायकांना सोबत घ्या, हीही त्यांत. आणि केवळ आई धंदा करते म्हणून मूल तोडू नये, हीसुद्धा. मथळे झाले ते नेमके पहिल्या दोनांवर.

पेपर घेऊन आलेल्या बाईला मी एवढंच सांगितलं, "पोलिस येतील. पण पाकिटं लपवू नको."

'सरकारनं नियमन करावं' म्हणजे नेमकं काय करावं?

इथंच वादाची गाठ आहे, कारण बोलणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यात वेगळं चित्र असतं. काहींना सगळ्यांनाच गुन्हेगार धरायचंय: बाई, गिऱ्हाईक, मालकीण. काहींना फक्त गिऱ्हाईक आणि दलाल धरायचेत. स्वीडननं १९९९ मध्ये ही वाट धरली, मागोमाग नॉर्वे, आइसलँड, कॅनडा, आयर्लंड आणि २०१६ मध्ये फ्रान्स. तिसरी वाट परवान्याची: सरकार नोंदणी करणार, जागा ठरवणार, तपासणी करणार. जर्मनी त्या बाजूला. आणि चौथी, गुन्हेगारीकरण काढून टाकण्याची: या कामासाठी वेगळा फौजदारी कायदाच नको, बळजबरी, अपहरण, अल्पवयीन यांसाठी आहेत तेच कायदे वापरा आणि बाकी कामगार कायदे लावा. न्यूझीलंडनं २००३ मध्ये हे केलं, तेही ६० विरुद्ध ५९ अशा एका मताच्या फरकानं.

आपलं घोडं या चारांत कुठंच पूर्ण बसत नाही. म्हणून गोंधळ.

सरळ लायसन्स द्या आणि महिन्याला डॉक्टरी तपासणी करा. प्रश्न मिटला. नाही का?

ही सूचना मला सगळ्यात जास्त वेळा येते, आणि बहुधा चांगल्या मनानं येते. तिला दीडशे वर्षांचा इतिहास आहे. इंग्रजांनी १८६८ मध्ये संसर्गजन्य रोगांचा कायदा आणला. गोऱ्या सोजिरांना रोग होऊ नयेत म्हणून बायकांनी नाव नोंदवायचं आणि ठरलेल्या मुदतीनं तपासणीला हजर व्हायचं. नाही गेलं तर शिक्षा. सोजिरांच्या तपासणीची मात्र सक्ती नाही. बायका गाव सोडून पळू लागल्या, नोंदणी चुकवू लागल्या, पोलिसांना नवं कुरण मिळालं. इकडं आणि इंग्लंडातही ओरड झाली आणि १८८८ मध्ये तो रद्द झाला.

जर्मनीनं २०१७ पासून नोंदणी सक्तीची केली, तिथंही कितीतरी जणी नोंदणीपासून लांबच राहिल्या. कारण साधं आहे. रजिस्टरात एकदा नाव गेलं की ते पुसत नाही. आपल्याकडं तर गावी बहिणीचं लग्न ठरायचं असतं.

आणि लायसन्स देणार कोण? नळजोडणीचा अर्ज घेऊन महापालिकेत तीन हेलपाटे ज्यांनी घातलेत, त्यांना मी हे समजावून सांगायला नको. लायसन्स नसलेली बाई आजच्याइतकीच उघड्यावर, आणि लायसन्स असलेली त्या कागदासाठी कुणाची तरी मिंधी.

मग गिऱ्हाइकालाच धरा की! मागणीच संपली तर?

ऐकायला न्याय्य वाटतं, आणि ही बाजू मांडणाऱ्या स्त्रीवादी मैत्रिणींशी माझं भांडण नाही. त्यांचं म्हणणं असं की पैशानं विकत घेतलेली संमती ही संमतीच नव्हे. स्वीडनमध्ये रस्त्यावरचा धंदा घटला असं तिथलं सरकार सांगतं. फ्रान्सच्या कायद्याविरुद्ध तिथल्या काही सेक्स वर्कर युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेल्या. जुलै २०२४ मध्ये त्या हरल्या.

पण गिऱ्हाईक घाबरलेलं असलं की ते घाईत असतं, अंधारात बोलावतं, नाव सांगत नाही. बाईला माणूस पारखायला मिळणारी दोन मिनिटंही जातात. शिवाय खोली देणारा घरमालक 'दलाल' ठरतो. ऑस्लोच्या पोलिसांनी एक मोहीम चालवली होती, तिचं टोपणनावच 'बेघर' असं होतं: बायकांना खोलीबाहेर काढा नाहीतर तुमच्यावर गुन्हा, असं घरमालकांना सांगायचं. आपल्याकडं २००६ मध्ये गिऱ्हाइकाला शिक्षेची तरतूद असलेलं दुरुस्ती विधेयक आलं होतं, ते बारगळलं. सध्या कलम ७ च्या दोनशे मीटरच्या हद्दीत गिऱ्हाईकही गुन्हेगार आहे. बाकी ठिकाणी उच्च न्यायालयांनी वेगवेगळे निकाल दिलेत.

या सगळ्या वादात सांगलीचं नाव का घेतात?

कारण सांगली या वादातलं मोठं नाव आहे, फक्त सांगलीला ते माहीत नाही. आपल्याला हळद, बेदाणे, भडंग आणि नाट्यपंढरी एवढंच सांगायला आवडतं.

१९९२ मध्ये मीना शेषू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'संग्राम' ही संस्था इथं सुरू केली, एड्सच्या भीतीनं सगळे गांगरलेले असताना. गोकुळनगरच्या वस्तीत निरोध वाटायला बाहेरची ताई नेमण्यापेक्षा धंदा करणाऱ्या बायकांनीच एकमेकींना सांगायचं, असं काम उभं राहिलं. बाहेरची ताई 'वापरा' म्हणते. शेजारची अक्का मात्र "गिऱ्हाईक नको म्हणालं तर काय बोलायचं" ते शिकवते. फरक तिथं पडतो. त्यातूनच १९९६ मध्ये वेश्या अन्याय मुक्ती परिषद, म्हणजे 'व्हॅम्प', उभी राहिली. बायकांचीच संघटना, सांगली-मिरजेपासून साताऱ्या-कोल्हापूरपर्यंत आणि खाली निपाणीपर्यंत.

मग अमेरिका आडवी आली. २००३ पासून एड्ससाठी अमेरिकेचा पैसा हवा असेल तर 'आम्ही वेश्याव्यवसायाच्या विरोधात आहोत' असं लिहून द्यावं लागायचं. सांगलीच्या संस्थेनं ते लिहून दिलं नाही, पैशावर पाणी सोडलं. २०१३ मध्ये अमेरिकेच्याच सर्वोच्च न्यायालयानं अमेरिकी संस्थांपुरती ती अट घटनाबाह्य ठरवली. परदेशी संस्थांना मात्र २०२० मध्ये तो दिलासा नाकारला. कृष्णाकाठच्या एका गल्लीतल्या बायकांच्या कामावर वॉशिंग्टनची अट चालते, हे मला तेव्हा कळलं. संग्रामच्या सगळ्या भूमिका मला पटतात असं नाही. पण परिषदेच्या बैठकीत माईक कुणाच्या हातात असतो ते एकदा पाहून या.

पण स्वखुशीनं कोण येतं हो?

हा प्रश्न मला गप्प करतो, म्हणून त्याचं उत्तर लांबवणार आहे.

आपल्या भागात येणाऱ्या बायकांपैकी कितीतरी बेळगाव-बागलकोटकडच्या, कन्नड बोलणाऱ्या. अनेकींच्या गळ्यात सौंदत्तीच्या यल्लम्माचं दर्शन, ते लाल-पांढऱ्या मण्यांचं. लहानपणी देवीला सोडलेल्या मुलीनं काय 'निवडलं'? मुली सोडायला १९३४ पासून मुंबई इलाख्यात, १९८२ पासून कर्नाटकात आणि नव्यानं २००५ च्या कायद्यानं महाराष्ट्रात बंदी आहे. तरी दर्शन दिसतं.

एका अशा बाईचं, असेल पन्नाशीची, मी प्रतिज्ञापत्र करत होते. व्यवसायाच्या रकान्यात काय लिहू म्हणून विचारलं, तर म्हणाली, "धंदा लिही. घरकाम लिहिलंस तर खोटं होईल, आणि घरकामाला पगार कोण देतंय?" मग हिशेब सांगितला: दोन भावांची लग्नं, गावाकडं पत्र्याचं घर, भिशीचा नंबर कधी लागतो ते. देवीला सोडलं तेव्हा तिला कुणी विचारलं नव्हतं. आता धंदा सोड म्हणणारेही तिला विचारत नव्हते.

मला वाटतं 'स्वखुशी' ही मोजपट्टीच चुकीची आहे. ऊसतोडीला कोण स्वखुशीनं येतं? कोयता घेतलेली बाई उचल फेडायला येते, पाल टाकून राहते. तिच्यासाठी आपण मजुरी आणि शौचालय मागतो, तिला ट्रकमधून संरक्षणगृहात नेत नाही. दोन्ही कामं एकसारखी आहेत असं मी म्हणत नाही. गरजेपोटी केलेल्या कामालाही हक्क लागतात, इतकंच.

अल्पवयीन मुली?

यात दुसरं मत नाही. अठराखाली संमती नसतेच. पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, लागतो, मानवी तस्करीची कलमं लागतात, आणि ती कडक आहेत. १०९८ ला फोन करा. वस्तीतल्या बायका स्वतः अशी मुलगी आल्याचं कळवतात तेव्हा त्यांची चौकशी उलट्या बाजूनं सुरू होते, एवढं मात्र थांबायला हवं. कळवणारीलाच भीती असेल तर कळवणार कोण?

वस्तीच उठवली तर? गाव स्वच्छ होईल.

कायद्यात सोय आहे: कलम १८ नं जागा बंद करता येते, कलम २० नं बाईला हद्दीबाहेर काढता येतं. वस्ती उठली की धंदा लॉजवर जातो, मोबाईलवर जातो, बायपासच्या ढाब्यामागं जातो. वस्तीत ओरडलं तर चार दारं उघडतात. लॉजच्या खोलीत कोण ऐकतं?

आपल्या तासगावच्या आर. आर. आबांनी गृहमंत्री असताना २००५ मध्ये डान्सबार बंद केले. हेतूबद्दल मला शंका नाही. घरंदारं उद्ध्वस्त होताना त्यांनी पाहिली होती. २००६ मध्ये उच्च न्यायालयानं ती बंदी रद्द केली, २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच कायम केलं, मग नवे कायदे, मग २०१९ चा निकाल. चौदा वर्षं कोर्टात गेली. त्या मुली कुठं गेल्या, हे मात्र कुठल्याच निकालाच्या शेवटी लिहिलेलं नाही.

शिलाई मशीन देऊन पुनर्वसन का करत नाहीत?

देतात की. गावात शिलाई मशीन किती आहेत आणि ब्लाउज किती शिवले जातात, याचा हिशेब करून पाहा. ज्यांना सोडायचंय त्यांना मदत मिळायलाच हवी: घर, उपचार, रोख पैसे. कोविडमध्ये राज्य सरकारनं ऑक्टोबर ते डिसेंबर २०२० साठी महिना ५,००० रुपये, शाळेत मूल असेल तर आणखी २,५०० असं दिलं. उपदेशाविना आलेली ती मदत बायका अजून आठवतात.

मुलांचं काय? बापाचं नाव कुठून आणायचं?

आईचं नाव चालतं. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात महाराष्ट्रात आईचं नाव लावणं सक्तीचंच आहे. आधारसाठी पत्त्याचा पुरावा नसेल तर राज्य एड्स नियंत्रण संस्थेच्या प्रमाणपत्रावर कार्ड मिळावं, आणि कार्डावर व्यवसायाचा मागमूसही नसावा, असं २०२२ च्या त्याच आदेशात आहे. शाळेच्या खिडकीवर कुणी अडवलं तर लेखी कारण मागा. लेखी म्हटलं की निम्म्या अडचणी तिथंच विरघळतात.

तुमचं स्वतःचं मत काय?

मी चौथ्या वाटेची, म्हणजे गुन्हेगारीकरण काढून टाकण्याच्या बाजूची. तिलाही भोकं आहेत. न्यूझीलंडमध्ये तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या बाईला हे काम करायला मनाई आहे, म्हणजे सगळ्यात कमजोर बाई पुन्हा बाहेरच. उद्या इथं कायदा बदलला तर 'परराज्यातल्या नकोत' असं कलम कुणीतरी घुसडेलच, आणि मग आपल्या कन्नड अक्का कुठं जाणार? बेल्जियमनं डिसेंबर २०२४ पासून या बायकांना नोकरीचा करार, बाळंतपणाची रजा आणि गिऱ्हाईक नाकारायचा हक्क दिला, त्याकडं मी लक्ष ठेवून आहे.

माझी कसोटी छोटी आहे. गिऱ्हाइकानं मारलं तर ती बाई रात्री अकरा वाजता एकटी चौकीत जाऊन फिर्याद देऊ शकते का? कुठलाही कायदा मी या प्रश्नावर घासून पाहते. पिटा त्यात नापास होतो. आज ती गेली, तर पहिला प्रश्न येतो: "तू तिथं काय करत होतीस?"

ओळखीची बाई धाडीत सापडली आहे. आत्ता, या क्षणी काय करू?

विधी सेवा प्राधिकरणाला फोन लावा, १५१००. बाईला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. तिच्या वयाचा पुरावा शोधा: शाळेचा दाखला, आधार, मतदार कार्ड, मिळेल ते. ते सापडेपर्यंत तिचा मुक्काम लांबतो. न वाचता कशावरही सही किंवा अंगठा नको. मॅजिस्ट्रेटसमोर कधी नेणार ती तारीख लिहून घ्या. आणि घरी तिचं मूल एकटं असेल तर आधी तिकडं जा, बाकीचं मग.